अनसिंगच्या घरचा ग्लास

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीचं, कोमलचं, जुळत आलेलं लग्न मी एका पाण्याच्या ग्लासापायी मोडलं होतं! म्हणजे, जवळजवळ.

आम्ही रिठद गावचे. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत आरएनएवर काम करते, तेही प्रथिनं न बनवणाऱ्या आरएनएवर. आई म्हणते, "काहीच न बनवनाऱ्याच्या मांगं लागली, म्हनून तुलेबी सैपाक बनवता येत नाई."

हा आरएनए भलता नाजूक. आणि त्याचा वैरी कुठं? आपल्याच हातावर! एक खादाड एन्झाइम असतं. नमुन्याला उघडं बोट लागलं की सगळी मेहनत फस्त. म्हणून आम्ही हातमोजे घालतो, प्रत्येक वस्तू आधी पुसून घेतो. आता ही सवय गावी आल्यावर सुटते थोडीच?

तर अनसिंग गावी मुलाचं घर पाहायला गेलो. कोमलला मुलगा फार आवडला होता. मुलाच्या आईनं, काकूंनी, स्वतः पाणी आणलं. आणि मी काय करावं? पर्समधून रुमाल काढला, ग्लास वरून-खालून पुसला आणि रुमालातच धरला.

"काहून वो ताई," काकू म्हणाल्या, "आमच्या घरचं पानी चालत नाई काय तुमाले?"

आईनं चिमटा काढला. मी गडबडले. "नाही हो काकू! ग्लास स्वच्छच आहे. माझ्याच हातावर आहे ते!"

"काय हाय हातावर?"

"एक असतं... सगळं खाऊन टाकतं. उकळलं तरी जात नाही!"

इथं तरी थांबावं ना? मुलाचे वडील खुर्ची मागं सरकवत म्हणाले, "बिमारी हाय काय वो? लहान बहिनीलेबी हाय काय?"

"हो, तिलाही आहे ना!" मी ठणकावून सांगितलं. "बाबांनाही आहे!"

बाबांनी कपाळाला हात लावला. कोमल रडकुंडीला आली. "ताई, तू बोलूच नको वं!"

"अहो, तुम्हालाही आहे! सगळ्यांच्याच हातावर असतं. माणसाला काही होत नाही, आमचा नमुना तेवढा नासतो."

काकू पुढं सरकल्या. "म्हंजे लोनच्यावानी? बरनीत उघडा हात गेला का नासलंच?"

"अगदी तसंच, काकू!"

"मंग असं सांगा ना वो माय! मीबी बरनीले कोनाले हात लावू देत नाई." त्या खो खो हसल्या, मग सगळं घर हसलं. माझा जीव भांड्यात पडला. सुटले बाई!

जेवायला बसलो. काकूंनी कौतुकानं अख्खी बरणी माझ्यापुढं ठेवली. "आज लोनचं तुमीच काढा ताई. तुमच्याइतकं जपनारं कोन हाय इथं?"

कोमल डोळे पुसून हसत होती, मुलगा चोरून तिच्याकडं बघत होता. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या आनंदात मी झाकण काढलं, चमचा तिथंच राहिला, आणि कैरीची फोड घ्यायला मनगटापर्यंत उघडा हात बरणीत!

लग्न झालं, थाटात झालं. बोलणी पक्की करताना काकूंची एकच अट होती. "पोरगी पसंत हाय. तिच्या ताईले मातर आमच्या सैपाकघरात येऊ देऊ नका."