छातीत धरलेला ग्यास

पारनेर रस्त्यावरच्या दूध शीतकेंद्रात सहादू कंडेन्सर घासायचा. दुधातली उष्णता अमोनिया ओढून घेतो आणि कंडेन्सरच्या नळ्यांपाशी पाण्याला देऊन मोकळा होतो, एवढाच कारभार. पण पाणी बोअरचं, खारं. नळ्यांना चुन्याचा थर धरला की उष्णता पाण्यात उतरत नाही, आणि अमोनियाचं प्रेशर चढत जातं. सहादू लांब सळईला तारेचा ब्रश बांधून एकेक नळी खरवडायचा. "नळ्यांचे दात घासून आलो," असं घरी बायकोला, भामाबाईला, सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात थराचा पार दगड झाला.

"साहेब, एक दिस प्लांट बंद ठेवा. न्हाईतर फुटंल," सहादूनं सुपरवायझर बिभीषणला तोंडावर सांगितलं.

"मग दूध काय तुझ्या घरात ओतू?"

प्लांट चालूच राहिला. दुपारी नळीचा जोड सुटला आणि अमोनियाचा लोट सरळ सहादूच्या तोंडावर आला.

भामाबाई दवाखान्यात धावली तेव्हा तो बाकावर वाकून खोकत होता. डोळे लालभडक. डॉक्टर गावाला गेलेले, हजर फक्त कंपाउंडर.

"काय होतंय, बाई?"

"ग्यास हो! छातीत ग्यास धरलाय."

प्लांटवर अमोनियाला सगळे ग्यासच म्हणत. तिला दुसरा शब्द कुणी शिकवलाच नव्हता.

"वांगं लई हाणलं का, पाव्हणं?" कंपाउंडर हसला आणि त्यानं पोटाचं गुलाबी औषध बाटलीत ओतलं.

बिभीषण दारातच उभा होता. त्याला सगळं कळत होतं. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला की अपघात झाला म्हणून कबूल करावं लागणार! त्यानं औषधाचे पैसे तेवढे दिले.

संध्याकाळी सहादूच्या तोंडाला फेस आला. नगरला निघालेल्या दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे त्याला घातला. भामाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली, बिभीषण ड्रायव्हरशेजारी. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं सदऱ्याचा वास घेतला.

"हा तर अमोनिया! इतका वेळ काय करत होतात? फुप्फुसात पाणी भरलंय."

कुणी उत्तर द्यायच्या आतच सहादूची छाती हलायची थांबली.

बाहेर बिभीषण टेम्पोत चढत होता. "भामाबाई, मी पुढं होतो. दूध नासंल."

भामाबाई चाकापुढं आडवी बसली.

"नासू दे," ती म्हणाली.