तानपुऱ्याची गवसणी

मी चार यत्ता शिकलोय. लिहिण्यात चुका निघतील. गाण्यात काढून दाखवा. रेडिओवर गायलो, रेकॉर्डी निघाल्या, गणपतीत गल्लोगल्ली वाजलो, तरी लोक विचारतात, "तुम्ही खरंच शास्त्रीय शिकलात?" शिकलो. ठाकूरद्वारच्या एका वाडीत, बुवांकडे, बारा वर्षं. राहायला परळला, कामाला गिरणीत. दुसरी पाळी मुद्दाम मागून घेतलेली. सकाळी ट्रामने बुवांकडे, दुपारी साच्यावर कापड विणायला.

बुवा बोलायचे कमी. तानपुरा भिंतीला टेकवलेला असायचा, तो घेऊन जुळवायचा आणि सा लावायचा. पण बुवा कुणावर रागावलेले असले तर तानपुऱ्यावर गवसणी, म्हणजे कापडी खोळ, चढलेली दिसायची. मग मुकाट घरी जायचं. एक जण असा महिनाभर गवसणी बघून शेवटी पोस्टात लागला.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या. एका सुट्टीच्या संध्याकाळी आमच्या चाळीसमोरच्या मैदानात सभा भरली, पण पुढाऱ्यांचा पत्ता नाही. आमच्या खात्यातल्या एकाने मुंबईवर गाणं रचलं होतं. त्याने मला स्टेजवर ढकललं. "रोज ट्राम झिजवतोस ना? म्हण की मग!"

सवयीने मी डोळे मिटून आलाप सुरू केला. समोरून आवाज आला, "अरे, दाढ दुखतेय का तुझी?" सगळं मैदान हसलं. पेटीवाला तमाशातला. म्हणाला, "शब्द घ्या, मालक!" आणि त्याने त्याच्या सवयीचा सूर दाबला, माझ्या सुराच्या चांगला तीन पट्ट्या वर. मी इरेला पेटलो आणि तिथून गायलो. मध्येच लाउडस्पीकर मेला, तरी थांबलो नाही. शेवटी पालुपद अख्खं मैदान म्हणत होतं. एवढी माणसं आपल्याबरोबर गातात तेव्हा काय होतं, ते न गाणाऱ्याला कसं सांगू?

सकाळी घसा बसलेला. पहिलाच सा लावला आणि बुवांनी हात वर केला.

"कुठे गायलास?"

"सभेत. मुंबईचं गाणं."

बुवांनी माझ्या हातातून तानपुरा घेतला आणि गवसणी चढवली.

घरी आई म्हणाली, "पाय धर त्यांचे. तुझा काय झिजतला?" मी नाही म्हटलं. मुंबई मागणं हा गुन्हा आहे का? पण नऊ वर्षं पाण्यात जाणार, हेही कळत होतं. दुसरा गुरू करायची माझी तयारी नव्हती, आणि मला घेणारही कोण होतं? मग मी वेगळंच केलं. रोज जायचो, गवसणीसमोर तासभर मांडी घालून बसायचो आणि माफी न मागता उठायचो. बुवा पेपर वाचायचे.

चौथ्या दिवशी बुवांच्या पत्नी, आमच्या काकू, केरसुणी घेऊन उभ्या राहिल्या. "अहो, याला शिकवा तरी नाहीतर उठवा तरी. चार दिवस याच्याखालचा केर राहिलाय. आणि माझा भाऊ होता त्या सभेत. लाउडस्पीकर बंद पडल्यावरही शब्द न् शब्द ऐकू आला म्हणाला."

बुवांनी पेपर खाली ठेवला. "गा ते."

घसा आता सुटला होता. तानपुऱ्याशिवाय गायलो. बुवा मांडीवर बोटाने ताल धरून होते, म्हणजे गाण्यावर राग नव्हता! संपल्यावर त्यांनी विचारलं, "सभेतही याच सुरात गायलास?"

"नाही. पेटीवाल्याने दिला त्यात."

"म्हणजे नऊ वर्षं मी तुझा सा बसवला आणि तो ठरवणार पेटीवाला?"

एवढंच होतं ते. मी आपला चार दिवस मुंबईसाठी हट्टाला पेटून बसलो होतो. मान खाली गेली. ती त्या घरात तेवढी एकदाच गेली.

"गवसणी काढ," बुवा म्हणाले. "आणि हे गाणंही रोज इथे म्हणायचं. बिघडवायचं ते माझ्यासमोर बिघडव."

काकू म्हणाल्या, "आधी उठ रे बाबा. केर काढू दे."

पुढे मोठमोठे संगीतकार भेटले. रेकॉर्डिंगला आधी मी माझा सूर सांगायचो, मग बाकीचं. दोन-तीन कामं त्यापायी गेलीही. पेटीवाले मला खवट म्हणतात. म्हणू देत. या वयातही माझा घसा बसत नाही.