बाबांच्या नावापुढे सुट्टी

अमरावतीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आई मिरच्या वाळवते, वड्या घालते आणि जमलं तर शेजारणींवर ओरडते. हे दोन खोल्यांचं घर बाबांच्या मरणावर उभं आहे, असं ती आल्यागेल्याला सरळ सांगते. पूर्वी मला लाजल्यासारखं व्हायचं. आता नाही होत.

बाबा सेमाडोहकडे वनरक्षक होते. गस्तीवर असताना नाल्याच्या पुरात वाहून गेले. कामावर जीव गेला तर सरकार कुटुंबाला वेगळी मदत देतं. पण हजेरीच्या रजिस्टरात त्या दिवशी बाबांच्या नावापुढे 'सुट्टी' लिहिलेलं होतं. गस्त काकांची होती. काका म्हणजे बाबांचे जोडीदार, शेजारच्या क्वार्टरमधले. त्यांच्या मुलीला पाहायला अंजनगावच्या त्यांच्या घरी पाहुणे येणार होते, म्हणून दोघांनी तोंडीच अदलाबदल केली. जंगलात सगळेच असं करायचे, लिहीत कोणी नव्हतं. ऑफिसातला बाबू म्हणाला, "कागदावर ते सुट्टीवर आहेत, बाई. मी काय करू?"

मला काकांचा फार राग यायचा. तुमच्यामुळे गेले, असं अगदी ओठांवर यायचं.

महिन्याभराने काका स्वतःच दारात आले. "वहिनी, मी लिहून देतो. गस्त माही होती."

आई भडकली. "काहून? पोरीचं लग्न ठरलं तुमच्या. निलंबित झाले तं पाहुण्यायले काय सांगसान?"

"खरं सांगीन. तो माह्या जागी गेला, अन् मी एक कागद नाही लिहू काय?"

माझा राग तिथेच विरघळला. उलट स्वतःचीच लाज वाटली.

काकांनी लिहून दिलं. आमची मदत मंजूर झाली, त्यातूनच हे घर झालं; आणि काका निलंबित झाले. लग्न मात्र मोडलं नाही, व्याही भला माणूस निघाला. मांडवात आई अशी मिरवत होती, जणू पोरगी तिचीच. पुढे काकांना कामावर परत घेतलं. बढती तेवढी कायमची हुकली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

काही वर्षांनी मला अनुकंपा तत्त्वावर बाबांचीच नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी गणवेश चढवून मी ऐटीत गस्तीला निघाले, तर निवृत्तीला टेकलेले काका आडवे आले. हातात रजिस्टर.

"आधी नाव लिही, मंग जंगलात पाय टाक."

मी लिहिलं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मग वाट सोडली.