तिच्या नारळावरचं गाऱ्हाणं

काजूच्या फॅक्टरीत मी आणि वाडीतलीच एक मैत्रीण शेजारी बसून काजू फोडायचो. खोकलाही दोघींना एकाच पावसाळ्यात धरला. आरोग्य केंद्रात दोघींना टीबी निघाला आणि गोळ्याही सारख्याच मिळाल्या. तिथून पुढे मात्र आमचं काहीच सारखं राहिलं नाही.

मी विधवा, भावाच्या घरी राहणारी. वहिनीने माझं ताट पडवीत नेऊन ठेवलं. आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावरही ते ताट आत आलं नाही. मैत्रिणीचं घर आमच्यापेक्षा गरीब, कोंबड्या मोजक्याच, पण अंडी सगळी तिच्या पोटात. सासू रोज पेज आणि उकडलेलं अंडं घेऊन समोर बसायची आणि ताटली रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. तिचे गाल भरत गेले तशी मी जळत गेले. मला तर गोळ्यांनी नुसतं मळमळायचं. कुणासाठी गिळायच्या, म्हणून उपचार अर्धवट असतानाच मी त्या बंद केल्या. सांगितलं फक्त तिला, तेही तिच्या मनाला लागावं म्हणून.

त्याच आठवड्यात तिच्या सासूने सुनेसाठी देवळात नारळ ठेवला. अख्खी वाडी जमली, माझी वहिनीसुद्धा. वाडीतले म्हातारे मानकरी आजोबा देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. हिचं दुखणं दूर कर, असं त्यांनी मागितलं की सगळे एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणत होते. मी खांबाला टेकून गप्प उभी होते. माझ्यासाठी एवढी माणसं कधी जमली असती?

तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, “आजोबानू, हिचाय गाऱ्हाना घाला. हिणा गोळ्ये सोडल्यान.”

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझे कान संतापाने तापले. आजोबांनी मात्र पुन्हा हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आमच्या ह्या माहेरवाशिणीक गोळ्ये घेवची बुद्धी दी, आणि तिका बरी कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

वहिनीचे ओठ हलले नाहीत, मी नीट पाहिलं. बाकी सगळी वाडी माझ्यासाठी बोलली, पण तेही तिच्याच नारळावर, आणि तेवढंही मला खुपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरोग्य केंद्रात जाऊन खरं काय ते सांगितलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ती एकटीच बरी झालेली मला बघवली नसती.