अक्कल नसलेली पेटी

नव्वदच्या दशकात मी जालन्यातल्या एका लोखंडाच्या मिलमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या कामाला होतो. भट्टीजवळच्या पॅनलपासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत एक लांबलचक डेटा केबल टाकलेली होती. भट्टीचं तापमान तिच्यावरून ऑफिसात पोचायचं. पण अंतर मोठं, त्यात वाटेत मिलच्या मोटारींचा विजेचा गोंगाट. सिग्नल पोचेपर्यंत पार मरगळून जायचा. अशा ठिकाणी मध्ये रिपीटर बसवतात. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत दोन-चार आयसी, म्हणजे चिपा. इकडून आलेला सिग्नल नव्या जोमानं तिकडे द्यायचा, तिकडचा इकडे.

रिपीटर यायला वेळ होता आणि मला शहाणपण सुचलं. गोंगाट गाळायला मी केबलला एक कपॅसिटर जोडला. गोंगाट गेला, मी कॉलर ताठ केली. पण सिग्नलच्या कडाही त्याच्याबरोबर घासून गेल्या. नवे आकडे पोचेनात आणि कॉम्प्युटर शेवटचा चांगला आकडाच दाखवत बसला. भट्टी चढत गेली, ऑफिसात मात्र सगळं आलबेल. भट्टीचा रंग बघून आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं धावत जाऊन भट्टी उतरवली आणि माझा कपॅसिटर उपटून फेकला. पुढे रिपीटर बसवताना तो म्हणाला, "इसकू अक्कल नै, इसीलिए भरोसे का है. जो आया वोइच आगे देता."

मी नुसता हसलो. माझी अक्कल मला तेव्हा फार प्यारी होती.

घरीही मी तीच चालवत होतो. माझा मोठा भाऊ शेती सोडून जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात बसला. वडील, म्हणजे आमचे दादा, वाटूरला शेतावर. "पुन्हा वाटूरची वाट धरू नको," असं दादा रागात बोलून गेले आणि भावानं ते शब्दशः पाळलं. दोघं एकाच मातीचे. मी सुट्टीला एस्टीनं वाटूरला जायचो, परत आलो की जालन्यातच मस्तगडला भावाच्या घरी चहाला. दोघांचे निरोप माझ्यामार्फत चालायचे.

भाऊ म्हणायचा, "सांग त्यायला, माझं कुनावाचून अडलं न्हाई." मी दादांना सांगायचो, भाऊ कामात आहे. दादा शिव्या घालायचे, मी भावाला सांगायचो, दादा बरे आहेत, आठवण काढत होते. सात वर्षं मी असा गोडवा वाटत फिरलो. भांडण वाढू दिलं नाही याचा मला अभिमान होता, तो आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटच्या खेपेला दादा खाटेवर होते. दम लागत होता, तरी आवाज चढवून म्हणाले, "त्या हेल्याला सांग, मेल्यावर खांदा द्यायला येऊ नको म्हनाव. यायचं तर आत्ता ये. पाय मोडले का त्याचे?"

मी भावाला सांगितलं, "दादांना थोडा दम लागतो. बाकी बरे आहेत."

"मंग पोळ्याच्या टायमाला बघू," भाऊ म्हणाला. त्याच आठवड्यात दादा गेले. भाऊ आला तो थेट खांदा द्यायलाच.

दहाव्याचं आटोपून आम्ही दोघं, मुंडण केलेले, ओट्यावर बसलो होतो. भाऊ म्हणाला, "आखरीला काय म्हनले दादा माझ्यासाठी? खरं सांग."

खोटं तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि दादांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, हेल्याच्या शिवीसकट, त्यांच्याच चढ्या आवाजात.



"'ये'च म्हनत व्हते ते," भाऊ म्हणाला. "मला बोलावून राह्यलते. अन् तू म्हने, बरे हायेत." त्यानं उपरणं तोंडाला लावलं. "ही शिवी आनली असती न तू, मी उलट्या पावली निघालो असतो."

मला फक्त मिस्त्रीचा तो कपॅसिटर उपटणारा हात आठवत होता.

उपरण्याआडून भाऊ म्हणाला, "अजून एकदा म्हन."

मी म्हणालो. या वेळीही एकही शब्द गाळला नाही.