पारूबाईचा मुद्दा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लिहायला बसलो की हात थांबतो. लाजेनं नाही, किळस येते म्हणून. स्वतःची.

सत्तरच्या दशकात मी परतूर तालुक्यात, आष्टीकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेला गावात मी एकटाच, आणि त्याचा माज होता. वाद घालताना माणसं कुठे घसरतात, ते मला लगेच दिसायचं. सातवीच्या पोरांना मी सांगायचो — मुद्द्याला उत्तर द्या, माणसावर जाऊ नका. एकामागून दुसरं घडलं, म्हणजे पहिल्यामुळेच घडलं असं नसतं. चांगलं शिकवायचो मी. हेच तर.

शाळेचं पाणी पारूबाई भरायची. धनगराची विधवा, पाच-सहा मेंढरं, सही म्हणजे अंगठा. शाळेमागच्या विहिरीचं पाणी शेंदून ती दोन रांजण भरायची. त्या वर्षी शाळेला संडास झाला. खड्ड्याची जागा मी दाखवली होती. विहिरीपासून जेमतेम पंधरा पावलं, कारण पलीकडे खडक लागत होता. काम लवकर उरकलं म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पावसाळा सरता सरता पोरं आजारी पडायला लागली. शाळेत पालकांची बैठक भरली, तेव्हा मागून पारूबाई उभी राहिली.

“गुरुजी, खड्डा झाल्यापासून हिरीच्या पाण्याला वास येऊन राह्यला. माझी मेंढरं तोंड न्हाई लावत. मळ्यातलं पाणी पिणारी लेकरं मात्र बराबर हायेत. ही हीर बंद करा. मी मळ्यातून आणते.”

यात काही चूक दिसते का तुम्हाला? काय बदललं ते तिनं सांगितलं, कधीपासून ते सांगितलं, पिणारे आणि न पिणारे शेजारी ठेवून दाखवले. मला याहून नीट मांडता आलं नसतं. आणि मी काय केलं?

“कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणजे कोंबडाच त्याला वर काढतो का, पारूबाई?” लोक हसले. “आता शाळा मेंढरांना विचारून चालवायची?” आणखी हसले. त्या हसण्याची चटक लागली मला. मग सगळ्यात घाण वाक्य बोललो, “बाईला पाणी शेंदायचा कंटाळा आलाय, दुसरं काय!”

मळा अर्धा मैल लांब होता. तिथून पाणी आणायचं म्हणजे तिचंच काम वाढणार होतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, वाक्य तोंडात असतानाच. पारूबाई खाली बसली.

आणि आता — हे सांगायचं होतं. त्याआधी पंधरा दिवसांपासून मी स्वतः ते पाणी पीत नव्हतो. वास मलाही आला होता. मी घरून फिरकीचा तांब्या भरून आणत होतो. समोर चाळीस पोरं रांजणातलं पाणी पीत होती.

महिन्याभरात कावीळ पसरली. माझ्याच वर्गातली विमल गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी विहीर बंद केली. मग लोक म्हणू लागले, पाणी भरणारीचेच हात घाण. किती पोकळ बोलणं! एका वाक्यात मोडून काढलं असतं मी. काढलं नाही. पारूबाईचं काम गेलं.

दोर आणि पोहरा परत द्यायला ती वर्गाच्या दाराशी आली. आवाज चढवला नाही तिनं.

“गुरुजी, तुमी हे पाणी कधीपासून सोडलं होतं?”

मी फळा पुसत राहिलो. पुसायला काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिलो. दोर आणि पोहरा उंबऱ्याशी ठेवून ती गेली.

निवृत्तीच्या समारंभात एक जुना विद्यार्थी म्हणाला, सरांनी आम्हाला विचार करायला शिकवलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली आणि हार घालून घेतला.