छातीपर्यंतच्या टाइल्स

महाडचं घर विकायला काढलं तेव्हा एजंट म्हणाला, "आधी पुराची खूण घालवा, मग किमतीचं बोलू." सावित्रीचं पाणी आमच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ सोडून गेलं होतं. रंगाचे तीन हात दिले तरी ती वर यायची. शेवटी भावाने तेवढ्या उंचीपर्यंत टाइल्स बसवल्या. घर नवं दिसू लागलं आणि किंमतही वाढली.

घेतलं ते पोलादपूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांच्या वाडीवर दरडीची भीती, म्हणून ते खाली येत होते. त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर येतं?" भाऊ म्हणाला, "पायरीपर्यंत." मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

पुढच्याच पावसाळ्यात त्यांचा फोन आला. शिव्या ऐकायची मी तयारी केली. ते शांतपणे म्हणाले, "पाणी घरात शिरलंय. बायकोला फार चालवत नाही. तुम्ही अशा वेळी कुठं जायचात?"

"शेजारच्या गच्चीवर," मी म्हणाले.

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोघंही वाचले. अजूनही बाजारात भेटले की आधी तेच नमस्कार करतात, आणि मला तो सहन होत नाही.